भाताच्या खोलीतलं अमेरिका कार्यालय

"बांधाव पाय ठेवला ना तिनं? मंग तिचा रोज लागला!"

हा आवाज हरेशभाऊंनी पन्नास वर्षांपूर्वी ऐकला होता आणि अजून तो त्यांच्या कानात जसाच्या तसा होता. आवाज त्यांच्या आईचा, सोनुबाईचा. उन्हाळी भाताची लावणी होती. वाडीवरच्या सहा बाया तांबडं फुटायला बांधावर येऊन उभ्या राहिल्या आणि कालव्याचं पाणी काही आलं नाही. दुपारपर्यंत वाट बघून बाया निघाल्या, तेव्हा सोनुबाईने पदराची गाठ सोडली आणि सहाही जणींना पुऱ्या दिवसाची मजुरी दिली. त्या गाठीत दहा वर्षांच्या हरेशच्या नव्या चपला होत्या. तो रडला, त्याने पाय आपटले. अनवाणी पाय आपटले तर फारसा आवाज होत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. आईने त्याला ते एक वाक्य ऐकवलं आणि रोपांच्या जुड्या ओल्या गोणपाटाखाली झाकत ती आपलं आपलं गुणगुणायला लागली:

उभी मी बांधावरी, पाय भिजले दवात,
माझं उभं राहणं बाई, धरा भाताच्या मापात.

चपला दिवाळीला आल्या. हरेशभाऊ मोठे झाले, खोपोलीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला चिकटले आणि एकतीस वर्षं माणसांची हजेरी लिहून निवृत्त झाले. हजर माणसाला निळी शाई, गैरहजराला लाल. अशा माणसाला निवृत्तीनंतर करायला काही उरत नाही. देवळात घंटा वाजवणाऱ्यांची वेळ त्यांनी आठवडाभर टिपली, तेव्हा पुजाऱ्याने हात जोडले.

तर अशा घरात त्यांची लेक हर्षला नोव्हेंबरात अमेरिकेहून आली. ती तिकडे न्यू जर्सीत कॉम्प्युटरवर, कामाच्या व्हिसावर. पासपोर्टावर नवा शिक्का घ्यायचा आणि तीन आठवड्यांत परत जायचं, असा बेत. डिसेंबरात निरोप आला की मुलाखतीची तारीख पुढे गेली. पुढे म्हणजे थेट मार्चात.

"मंग तुझ्या कामाचं काय गं?" तिच्या आईने, कुंदाने विचारलं.

हर्षला पोह्यांत चमचा फिरवत राहिली. मग म्हणाली, "इथूनच करीन. एक टेबल लागेल फक्त."

एक टेबल! जगातल्या मोठ्या खर्चांची सुरुवात अशीच कुठल्यातरी निरागस वाक्याने होत असावी. हरेशभाऊ ताडकन उठले आणि भाताच्या खोलीचं दार उघडून उभे राहिले.

भाताची खोली उत्तरेची, थंड, शांत. फक्त तीत अठरा पोती होती. ती बैठकीत आली. पाहुणे पोत्यांवर बसू लागले आणि उठताना पाठीला तूस घेऊन जाऊ लागले. टेबलासाठी सुताराला बोलावलं, तर तो म्हणाला की टेबलाला जमीन सपाट लागते. म्हणून फरशी आली. फरशी आली तशी भिंत काळी दिसायला लागली, म्हणून रंग आला. रंग झाल्यावर कळलं की खोलीत मोबाइलला एक दांडीसुद्धा रेंज नाही.

मग नागू आला. नागू हा पंचक्रोशीचा केबलवाला, खांद्यावर वायरचं भेंडोळं घेतल्याशिवाय त्याला कोणी बघितलेलं नाही. तो म्हणाला, "भाऊ, फायबर टाकतो. अमेरिका अशी बाजूच्या घरात बसल्यागत दिसंल. पन वायर आणायला खांब नाय. मधी धाकलूशेठची जांभूळ हाय, तिच्यावरनं घ्यावी लागंल."

धाकलू हा शेजारी. हरेशभाऊंहून दोन वर्षांनी लहान, अंगाने काटकुळा, आणि कुठल्याही विषयात त्याचं मत तयार. एके काळी तोही खोपोलीच्या त्याच कारखान्यात ठेक्यावर होता. त्याच्या बोलण्याची एक खोड होती. विषय चंद्रावरच्या यानाचा असला तरी तो फिरून आपल्या म्हशीवर यायचा. म्हशीचं नाव चंद्री. दोन हजार चार साली तिला विकावी लागली होती आणि तेव्हापासून ती रोज थोडी थोडी मोठी होत होती. यंदा ती दोन्ही वेळचं मिळून सोळा लिटरवर पोचली होती.

"वायर ने की," धाकलू म्हणाला. "माझी जांभूळ काय परकी हाय? माझी चंद्री याच जांभळीला बांधायची. काय म्हैस व्हती रं ती, हरेश! आज असती तर तुझ्या लेकीच्या आफिसात चहाला दूध कमी पडलं नसतं."

चंद्रीचं नाव निघालं की हरेशभाऊ कुठेतरी लांब बघायला लागत. आताही ते नागूच्या भेंडोळ्याकडे बघत राहिले. का, ते आपण इथे नको काढूया. माणसाच्या मस्टरमध्ये एखादं पान असं असतं, की तो ते उघडत नाही.

"पन एक अट हाय," धाकलू म्हणाला. "त्या वायफायचा पासवर्ड मलापन पायजे."

पासवर्ड दिला. तिसऱ्या दिवसापासून धाकलूच्या ओट्यावर अर्धी आळी मान खाली घालून बसायला लागली. इतकी शांतता त्या आळीत भजनालाही कधी झाली नव्हती. आणि भाताच्या खोलीत अमेरिका काही दिसेना, नुसतंच एक चक्र गरगरत राहिलं.

तरी हरेशभाऊंनी उद्‌घाटन केलं. नारळ फोडला, दारावर आंब्याचा टहाळा बांधला आणि कर्जतच्या पेंटरकडून करून आणलेली पाटी ठोकली: 'हर्षला हरेश भोपी – अमेरिका कार्यालय'.

"बाबा, पाटी कशाला?" हर्षला कळवळून म्हणाली.

"अगं, आफिस म्हटल्यावं पाटी नको? पाटीबिगर आफिस म्हंजे गोठा."

पोरगी रोज नऊला आत जायची, दार लावायची, सहाला बाहेर यायची. कुंदाने दोनदा चहा नेला, तर दोन्ही वेळा ती भिंतीच्या नव्या रंगाकडे बघत बसलेली. "मोठ्या हुद्द्यावर माणूस इचारच करतं," हरेशभाऊंनी बायकोला समजावलं आणि आत जाऊन वहीत लिहिलं: हर्षला, हजर, ९.०२.

पाटीचा पराक्रम आठवड्याने कळला. ग्रामपंचायतीची नोटीस आली: राहत्या घरात परदेशी कार्यालय सुरू केल्याचे निदर्शनास आले असून घरपट्टी व्यावसायिक दराने का आकारू नये, याचा साठ दिवसांत खुलासा करावा.

ज्या माणसाने एकतीस वर्षं दुसऱ्यांकडून खुलासे घेतले, त्याच्याकडे खुलासा! हरेशभाऊंचा चेहरा पडला. तरी इस्त्रीचा शर्ट घालून ते पंचायतीत गेले. वाटेत धाकलू बरोबर लागला आणि तिन्ही वळणांवर त्याने तीन वेगळे सल्ले दिले. पहिला, पाटी उलटी करून ठोक. दुसरा, पाटी माझ्या गोठ्याला लाव, तिथं आता कोन नाय. तिसरा, सरळ सांग की पोरगी शिकवणी घेती.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी पाणी दिलं, खुर्ची दिली आणि अगदी प्रेमाने सांगितलं, "सोपं आहे हो. मुलगी नोकरी करते, धंदा नाही, एवढं सिद्ध झालं की झालं. तिची शेवटची पगाराची पावती आणून द्या. नोटीस मागे."

"एवढंच ना? आत्ता आणतो," हरेशभाऊ म्हणाले.

घरी येऊन त्यांनी दार ठोठावलं. "हर्षू, पगाराची पावती काढ गं एक. मागच्या महिन्याची."

आत खुर्ची सरकली.

"नसंल छापता येत तर मोबाइलवं दे. भाऊसाहेब चालवून घेतो बोललाय."

दार उघडलं. हर्षलाचे डोळे लाल होते. ती म्हणाली, "नाहीये बाबा. ऑगस्टनंतरची एकही नाहीये."

मग ती बैठकीत येऊन पोत्यावर बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. तिची कंपनी म्हणजे पाटीवर मिरवावी अशी कंपनी नव्हतीच. ती ठेकेदार कंपनी. माणसं व्हिसावर न्यायची आणि दुसऱ्या कंपन्यांना कामाला पुरवायची. ऑगस्टात समोरच्यांचं काम संपलं, तेव्हा ठेकेदार म्हणाला, बसा, नवीन काम आलं की पाठवतो. पगार? तो काम आल्यावर. एका गेस्ट हाऊसच्या एका खोलीत चौघी. रोज सकाळी नऊला कॉम्प्युटर उघडून हजेरी लावायची, सहापर्यंत जागा सोडायची नाही, कधीही बोलावणं येईल. दुसरीकडे नोकरी बघायची तर धमकी, की व्हिसा आमच्या हातात आहे. नोव्हेंबरापर्यंत तीन महिने चौघी अशा बसून होत्या, आणि साठवलेलं खात होत्या.

"इथं काम करते म्हणाले ते पण खोटं. काम नाहीच. तुम्ही एवढी फरशी घातलीत, कसं सांगणार?"

कुंदाने तिचं डोकं छातीशी धरलं. हरेशभाऊंना एकदम आठवलं, की ते संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे तिकडे सकाळी नऊला, रोज व्हिडिओवर तिला विचारायचे, "काय गं, पंचिंग झालं का?" आणि ती म्हणायची, "हो बाबा, बसलेय." "सायबानं काय सांगितलं?" "थांबायला सांगितलंय." थांबायला सांगितलं म्हणजे पोरीला केवढा मान, असं त्यांना वाटायचं. कारखान्यात फक्त जनरल मॅनेजर नुसते थांबायचे.

ते उठले. कपाटातून लाल कापडात बांधलेलं हजेरीचं मस्टर काढलं आणि पोरीच्या मांडीवर ठेवलं.

हर्षलाने पान उलटलं. तिने दुसरंही उलटलं. अठरा ऑगस्टपासून एकही दिवस सुटलेला नव्हता. 'हर्षला – हजर, ९.०० (तिकडचे). साहेबांचा हुकूम: थांबा.' त्याखाली निळ्या शाईत आणखी तीन ओळी, खोलीतल्या बाकीच्या तिघींच्या. एक आंध्रातली, एक नाशिकची, एक इंदूरची. त्या फोनवर "अंकल नमस्ते" म्हणायच्या, आणि समोर दिसलेलं माणूस हजेरीतून वगळायचं, हे हरेशभाऊंच्या हाताला जमणारं नव्हतं. चौघींना कोणी काय सांगितलं, केव्हा सांगितलं, कोणाला ताप होता, तरी ती कशी बसली, सगळं तारीखवार होतं.

"बाबा," हर्षला हळूच म्हणाली, "हे तुम्ही कशाला लिहीत होता?"

"सवय, दुसरं काय."

तिने डोळे पुसले. आंध्रातल्या मैत्रिणीने तिकडच्या एका फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईंना गाठलं होतं, पण पुरावा काय, म्हणून चौघी गप्प बसल्या होत्या. नियम चौघींना तोंडपाठ होता. व्हिसाच्या अर्जात कंपनी पगाराचा आकडा स्वतः लिहून देते. काम नाही म्हणून कंपनीनेच बसवून ठेवलं, तरी तो आकडा द्यावाच लागतो.

"परत बोल," हरेशभाऊ म्हणाले.

"काम असो नसो. माणूस हजर आणि तयार असला, की पगार लागू."

हरेशभाऊंनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर दुसरं काही नव्हतं, नुसतं कापणी झालेलं शेत आणि त्याचा बांध. "माझ्या आयेला इंग्रजी येत नव्हतं," ते म्हणाले. "पन हा कायदा तिला म्हायती व्हता."

हर्षलाने कंपनीला पत्र लिहिलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं, गोड भाषेत. आमच्या नोंदीप्रमाणे सदर काळात आपण चौघी स्वेच्छेने रजेवर होतात. आपले म्हणणे असल्यास गुरुवारी सकाळी दहाला व्हिडिओवर बोलू.

'रजेवर' हा शब्द वाचून हरेशभाऊ असे बसले, की कुंदा पाणी घेऊन धावली. ओट्यावर पेरू खात असलेला धाकलू म्हणाला, "आसंच करत्यात. आमी पन गेटावं उभं राह्यचो आनि कागदावं नसायचो. माझी चंद्री त्याच साली…"

"गप रं!" हरेशभाऊ ओरडले. इतक्या वर्षांत ते धाकलूवर पहिल्यांदाच ओरडले. मग स्वतःच चपला घालून शेताकडे निघून गेले.

गुरुवार. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेआठ. साडेआठला पाच मिनिटं असताना भाताच्या खोलीतलं चक्र गरगरायला लागलं. क्रिकेटची मॅच होती आणि आळीतले बावीस मोबाइल धाकलूच्या ओट्यावर तीच मॅच बघत होते.

धाकलूने हर्षलाचं तोंड बघितलं आणि ओट्यावर उभा राहून असा आवाज टाकला, की माथेरानच्या डोंगराने तो परत पाठवला असेल. "बंद करा रं समदे! पोरीच्या पगाराचा सवाल हाय! ज्याचा मोबाइल चालू दिसंल, तो माझ्या विहिरीत!"

बावीस पडदे विझले. मॅचचा निकाल त्या आळीला दुसऱ्या दिवशी कळला. तेवढ्यात जांभळीवरची वायर एका फांदीवरून घसरली आणि नागू लुंगी खोचून वर चढला. पुढची चाळीस मिनिटं तो दोन्ही हातांनी वायर उंच धरून, मुंगळ्यांचे चावे सोसत, फांदीवर बसून होता. न्यू जर्सीचा तो सगळा खटला नागूच्या हातांतून गेला, असं म्हणायला हरकत नाही.

पडद्यावर एच.आर.च्या मॅडम आल्या. चौकटींत बाकीच्या तिघी होत्या, आणि हर्षलाच्या मागे, उघड्या दारापलीकडे, बैठकीतल्या पोत्यांवर आळी बसलेली. मॅडम हिंदीत म्हणाल्या, "देखिये, हमारे रेकॉर्ड में चारों लीव्ह पर हैं."

हर्षलाने नियम सांगितला, पत्रं सांगितली. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. मॅडम प्रत्येक वाक्याला एवढंच म्हणत होत्या, "बट रेकॉर्ड में लीव्ह है."

मग हरेशभाऊ खुर्ची ओढून पुढे आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. त्यांनी मस्टर कॅमेऱ्यासमोर धरलं.

"नमस्कार मॅडम. मैं हर्षला का बाप. थर्टी वन इयर्स टाइम ऑफिस. लीव्ह है बोलते, तो लीव्ह का ॲप्लिकेशन दिखाइये."

"जी?"

"रजा कंपनी नहीं लेती, आदमी लेता है. अर्ज करता है. सही करता है. चार लडकी, चार अर्ज. दिखाइये."

मॅडमनी खाली बघितलं. बाजूला बघितलं. कुठेतरी कागद हलल्याचा आवाज आला. पण चौघींपैकी एकीनेही असा अर्ज कधी केलेलाच नव्हता.

"और ये देखिये. एटीन ऑगस्ट. आपके साहब का फोन नाइन ट्वेंटी को आया, 'थांबा' बोला. जो रजा पर है, उसको थांबा कौन बोलता है, मॅडम?"

आंध्रातली मैत्रीण आपल्या चौकटीतून म्हणाली, की हो, त्याच मिनिटाचा फोन माझ्या मोबाइलच्या यादीत आहे. मग नाशिकची म्हणाली, माझ्याकडेही. इंदूरची नुसतीच रडत होती आणि मान हलवत होती. हर्षला सरळ बसली. आता तिचा आवाज कापत नव्हता. ती इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, तिथल्या कामगार खात्याचा अर्ज आम्ही चौघींनी भरून ठेवलाय. ही वही त्याला जोडणार. तुमच्यावर ठपका बसला तर पुढे तुम्हाला कोणालाच व्हिसावर आणता येणार नाही. सोमवारपर्यंत वाट बघतो."

मॅडम काहीतरी बोलणार होत्या, पण जांभळीवर नागूला एक मुंगळा नको तिथे चावला आणि अमेरिका विझली.

"आरं नाग्या!" सगळे ओरडले.

पण बोलायचं ते बोलून झालं होतं. कंपनीने सोमवारची वाट बघितलीच नाही, शनिवारीच पत्र आलं. नोंदींत 'अनवधानाने चूक' झाली होती. महिनाभरात चौघींचा तीन महिन्यांचा पगार जमा झाला, एकही दिवस न कापता. पगाराच्या पावत्याही आल्या. हर्षलाची पावती घेऊन हरेशभाऊ वाजतगाजत नव्हे, पण त्याच चालीने पंचायतीत गेले. भाऊसाहेबांनी नोटीस मागे घेतली आणि दबक्या आवाजात विचारलं, "हरेशभाऊ, आमच्याकडे रोजंदारीवर एक शिपाई आहे, त्याच्या हजेरीचं जरा…" त्या दिवसापासून अमेरिका कार्यालयाला खरंच काम सुरू झालं. कर्जतपासून खालापूरपर्यंतच्या पोरांचे फोन येऊ लागले. कोणी टेक्सासात बसून होतं, कोणी कॅनडात. हर्षला सगळ्यांना पहिलं वाक्य तेच सांगायची: "रोजची वेळ लिहून ठेव." तिने स्वतःसाठी दुसरी, सरळ नेमणूक देणारी कंपनीही बघायला घेतली होती, आणि या वेळी व्हिसाच्या अर्जातला आकडा तिने आधी वाचला होता.

पगार झाला म्हणून फेब्रुवारीत शेतात पोपटी लावली. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, मडकं उपडं, वरून पेंढ्याचा जाळ. दिवस मावळत होता. आळी आली होती. नागूला मानाने पहिली तंगडी कबूल झाली होती. कुंदा नि हर्षला बांधावर बसून शेंगा निवडत होत्या, आणि हर्षला आजीची ती ओवी आठवून आठवून म्हणत होती. दुसऱ्या ओळीला अडली की कुंदा पुढे नेत होती.

धाकलू जाळ सारखा करत म्हणाला, "काय बोलला रं तू त्या बाईला! रजा कंपनी नाय घेत, मानूस घेतो! माझी चंद्री आसती, तर आज तुला…"

"धाकलू."

"आं?"

हरेशभाऊ काठीने राख उकरत होते. शेवटी ते म्हणाले, "दोन हजार चार. बॉयलर बंद व्हता. तुमी ठेक्यावरची समदी रोज सात वाजता गेटावं येऊन उभी रहायची. मी खिडकीतनं बघायचो. सायेब बोलला, काम नाय तर गैरहजर लिव. मी लिवलं. लाल शाईनं. नऊ दिवस. तू हजर व्हतास, धाकलू. तुझा रोज बुडाला, तुझी म्हैस माझ्या पेनानं गेली."

जाळ फडफडला. शेंगांचा वास सुटायला लागला होता. बांधावरची ओवीही थांबली होती. धाकलूने पुढे वाकून हरेशभाऊंच्या खिशातलं निळं पेन काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"नऊ नाय, धा," तो म्हणाला. "रैवारी पन आलतो मी."